दारात अडवलेली बाई

मी पहिल्यापासून तापट. देवाशी बोलायचो तेसुद्धा भांडल्यासारखं. त्या चैत्रात मात्र भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. स्वराज्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. केनवडला आमची भाजीची वाडी. बायको पहिलटकरीण, घरी अडली म्हणून बैलगाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात आणली. मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी आईला ताप भरला. अंग तव्यासारखं तापलेलं, पण खाटेवरची मळकी चादरही कुणी बदलेना. डॉक्टर कोर्टात साक्षीला अकोल्याला गेलेले. कंपाउंडर खोकल्याला, तापाला, पोटदुखीला एकाच बरणीतलं गुलाबी औषध ओतून द्यायचा. काही विचारलं की एकच उत्तर, "सायेब आल्यावर इचारा."

मी व्हरांड्यात बसून रस्त्याकडे डोळे लावायचो. मोटारीचा आवाज आला की उठायचो, ती निघून गेली की खाली बसायचो. गावच्या महादेवाला म्हणायचो, बाबा, दुसरं काही मागत नाही, तेवढा डॉक्टर धाड. इतकी ओढ मला जन्मात कुणाची लागली नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी वाशीमकडे जाणारी मोटार दवाखान्यासमोरच बंद पडली. उतारू निंबाखाली बसले. त्यातली एक चाळिशीची बाई पाणी प्यायला वर आली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. आतलं कण्हणं ऐकून ती थबकली. म्हणाली, "मी नर्स आहो, बदलीच्या गावाले चालली. पाहू का तिले?"

बाळंतिणीच्या खोलीत विधवा बाई! माझ्या मनात भलतंच आलं. मी दारात आडवा उभा राहिलो. "आमाले डॉक्टर पाह्यजे. तुमी नका जाऊ आत."

तिला हे काही नवीन नसावं. तिनं शांतपणे विचारलं, "डॉक्टर कवा येनार हायेत?"

आतून बायकोच म्हणाली, "येऊ द्या ना त्यायले. मले आता सोसवत नाही."

मी बाजूला झालो. बाईनं कंपाउंडरला पाणी उकळायला लावलं, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, कपाटाची किल्ली मागून घेतली. बाळामागून पडायच्या वारेचा तुकडा पोटात राहून गेला होता आणि चार दिवसांत कुणी पाहिलंच नव्हतं. तो काढून तिनं पेनिसिलिनची सुई दिली, पुढच्या सुयांच्या वेळा लिहून ठेवल्या, स्वतःच्या हातानं चादर बदलली. बाहेर मोटार सुरू झाली तशी ती हात पुसत निघाली. मी नावसुद्धा विचारलं नाही.

दोन दिवसांनी ताप उतरला. मोटार तिथंच का बंद पडली, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. पण भाजी घेऊन जऊळक्याच्या स्टेशनावर गेलो आणि गर्दीत पांढरं लुगडं दिसलं, की पाटी तशीच टाकून मी धावतो. जवळ गेल्यावर चेहरा निराळाच निघतो. घरी आलो की बायको विचारते, "भेटल्या का?" आणि मी सांगतो, "नाही, दुसरीच होती." त्या नर्सबाईच्या पायांवर एकदा डोकं ठेवायचं राहिलं आहे, ते आत सारखं दुखतं.

देवाजवळ मी अजूनही मागतो. फक्त ते कुणाच्या हातून द्यायचं, हे आता त्याच्यावर सोडतो. चार दिवस मी त्याला हाका मारल्या, आणि आलेल्या माणसाला दारात अडवलं. अडवूनही ती परत फिरली नाही, म्हणून माझ्या लेकीला आज आई आहे.