पाहुण्याची तोंडी परीक्षा

आमचा पाहुणा जाफन्याहून न्यू जर्सीत कसा पोचला, याच्या त्याने सांगितलेल्या हकिकती एकमेकींशी कधीच जुळल्या नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत जोशीकाकूंना त्याने सांगितलं की तो जहाजावर आचारी होता आणि रस्सम प्यायल्यावर कप्तानाने खूश होऊन त्याला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरवलं. काकूंनी डोळे पुसत त्याला चकल्यांचा डबा दिला. लाँड्रीतल्या मुलीसाठी तो देशोधडीला लागलेला राजपुत्र होता. वाणसामानाच्या दुकानातल्या गुजराती शेठना तो सर्कशीतल्या हत्तीसोबत आला असल्याचं कळलं होतं. शेठनी पुढे हत्तीची काय सोय झाली, एवढीच चौकशी केली.

त्याचं खरं नाव सेल्वन, वय जेमतेम वीस. श्रीलंकेत यादवी पेटली आणि घर सोडलं, एवढं मात्र प्रत्येक हकिकतीत कायम असे. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. दिघे आणि मी एम.एस. करत होतो आणि एका गळक्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. दिघ्याला तो बसस्टॉपवर भेटला, दोन दिवस राहू का म्हणाला, आणि दीड वर्ष आमच्या सोफ्यावर राहिला. म्हणून तो पाहुणा. पाहुण्यासारखं त्याच्यात दुसरं काहीच नव्हतं. आमच्या वरणात तो न विचारता नारळाचं दूध ओतायचा. तक्रार केली तर म्हणायचा, "तुमचं वरण आजारी माणसाचं असतं. मी त्याला बरं केलं." आमच्याशी तो इंग्रजीत बोले. मराठी शिव्या मात्र त्याने पहिल्याच आठवड्यात आत्मसात केल्या, आणि उच्चार आमच्यापेक्षा स्वच्छ.

या सगळ्यातलं खरं कुठलं, असं दिघ्या चिडून विचारायचा. पाहुणा शांतपणे म्हणायचा, "तुला आवडेल ते ठेव." दिघे युनिव्हर्सिटीत पहिला आलेला माणूस. एका प्रश्नाला अनेक उत्तरं ही गोष्ट त्याला झोपेतही सहन होत नसे.

मग पाहुण्याच्या आश्रयाच्या अर्जाची सुनावणी लागली. चर्चने गाठून दिलेल्या, फुकट काम करणाऱ्या एक वयस्क वकीलबाई होत्या. त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की हा मुलगा दर भेटीत मला वेगळंच सांगतो. न्यायाधीशांसमोर असं केलं तर त्याला परत पाठवतील. परत म्हणजे कुठे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्याच्या वयाच्या पोरांना तिकडे घरातून उचलून नेत होते आणि ती घरी परत येत नव्हती.

महाराष्ट्रातल्या इंजिनियरिंग कॉलेजातून पास झालेल्या माणसाला जगातल्या कुठल्याही संकटावर एकच इलाज ठाऊक असतो. अपेक्षित प्रश्न काढायचे आणि उत्तरं पाठ करायची. आम्ही तेच केलं. पाहुण्याच्या अर्जात होतं तसं गाव, मच्छीमाराची बोट, मद्रासचा एजंट, खोटा पासपोर्ट, विमानतळ, सगळं मुद्देसूद बसवलं. दिघ्या बनियनवर टाय लावून एक्स्टर्नल एक्झामिनर व्हायचा आणि पाहुणा फ्रिजला टेकून व्हायवा द्यायचा. महिन्याभरात तो अडखळायचा थांबला. दिघ्याने त्याला डिस्टिंक्शन जाहीर केलं. नंतर आमच्यात या सगळ्याला मूर्खपणा म्हणायचं ठरलं, पण तेव्हा आम्हाला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

कोर्टात चष्मा लावलेल्या, सर्दी झालेल्या न्यायाधीशबाई होत्या. देश का सोडलास, असं त्यांनी विचारलं. पाहुणा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "त्याची चार कारणं आहेत. पहिलं." तिसऱ्या कारणाला बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हे तुला कुणी शिकवलं, असं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलायचं ठरवून आलेल्या पाहुण्याने मागे वळून आमच्याकडे बोट दाखवलं. वकीलबाईंनी डोळे मिटले. दिघ्याला नापास होण्याची सवय नव्हती, त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ते राहू दे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "बोटीत तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?"

हा प्रश्न आम्ही काढलेलाच नव्हता. त्याच्या प्रत्येक हकिकतीत तो एकटाच असायचा, त्यामुळे विचारायचं सुचलंही नव्हतं. आता हत्ती येणार, या भीतीने मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"माझा धाकटा भाऊ," तो म्हणाला. "तो सारखा बडबड करत होता. नौदलाची बोट जवळ आली तेव्हा मी त्याचं तोंड दाबून धरलं. गोळीबार थांबला, आम्ही लांब गेलो, तेव्हा हात काढला. म्हटलं, आता बोल. त्याला गोळी लागली होती, हे मला कळलंच नव्हतं."

त्यानंतर बाईंनी त्याला फारसं काही विचारलं नाही. नाक पुसून त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने बाहेर येऊन आश्रय मंजूर असल्याचं सांगितलं.

पार्किंग लॉटमध्ये आम्ही तिघं आणि वकीलबाई दिघ्याच्या खटारा गाडीपाशी खुळ्यासारखे उभे होतो. अभिनंदन म्हणावं की आणखी काही, ते कळत नव्हतं. दीड वर्ष हा माणूस आमच्या घरात सगळ्यांना हसवत होता, आणि मला तेव्हा त्याच्यासाठी फार वाईट वाटलं. पाहुण्याने वकीलबाईंना विचारलं, "हे आता पुन्हा कुणाला सांगावं लागेल?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आता कुणीही तुला विचारू शकत नाही."

त्याने दोनदा मान हलवली. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "मग तुम्हाला सांगू?"

तो मागच्या सीटवर बसला आणि भावाबद्दल बोलू लागला. तो फुटबॉलला गोलकीपर कसा व्हायचा आणि गोल झाला की बॉलशीच भांडायचा. शाळेतल्या फादरची सायकल त्याने कशी विहिरीत घातली. आईच्या हातचं काय खायचा आणि काय कुत्र्याला घालायचा. सांगताना तो हसत होता, रडत होता, पण एकदाही थांबला नाही. हायवेवरून घराकडे वळायची आमची एक्झिट आली. दिघ्याने ती सोडून दिली आणि गाडी तशीच पुढे नेली.