विडीवालीच्या घराला खिडकी

कार्टूनपटात पात्रं हलवणारे वेगळे, रंग भरणारे वेगळे. माझं काम लेआउटचं. पात्र कुठल्या खोलीत उभं राहील, दार कुठं, उजेड कुठून, कॅमेरा कसा सरकेल, हे पेन्सिलीनं आखून द्यायचं. सत्तरच्या दशकात मुंबईच्या एका स्टुडिओत मी हे करत होतो.

एकदा विडीची जाहिरात आली. माझी आई सोलापुरात विड्या वळते, हे स्टुडिओच्या मालकांना ठाऊक होतं. म्हणाले, "चला, तुमचंच घर बघू."

शहराच्या पूर्व भागात आमची पत्र्याची खोली, खिडकी नसलेली. अम्मा मांडीवर सूप घेऊन बसलेली. सुपात तंबाखू, शेजारी ओली पानं, आणि वळता वळता खोकला. मालक नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेरच उभे. घरी आम्ही तेलुगू बोलायचो, पण अम्मानं मोडक्या मराठीत आग्रह केला, "साहेब, च्या घ्या की."

त्यांनी कप घेतला आणि तिची पाठ वळताच चहा गटारात ओतला. तेवढ्यात ती मागं वळली होती, तिनं ते पाहिलं. रिकामा कप उचलून आत गेली. मला त्या माणसाची शिसारी आली.

मुंबईत मी खोली होती तशी काढली.

"इथं मोठी खिडकी टाका," मालक म्हणाले. "खिडकीत मोगरा."

"असल्या घरात कोणी विड्या वळत नाही."

"अहो, कार्टून आहे! खोकणारी बाई बघून विडी ओढेल कोण?"

मी नाही म्हणालो. त्यांनी कागद शेजारच्या टेबलावरच्या चित्रकाराला दिला. तिथं खिडकी आली, मोगरा आला. चूल, फळी, दोरीवरची वाकळ मात्र माझीच राहिली.

पुढं सोलापूरच्या टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाआधी ती जाहिरात लागली. मी सुट्टीवर होतो, अम्मा शेजारी. पडद्यावर जरीच्या लुगड्यातली गोरी बाई गात गात विड्या वळत होती. लोक टाळ्या पिटत होते. अम्मानं फळी ओळखली.

"बिड्डा, पोरा," ती कुजबुजली, "ही बाई आपल्या घरात काय करतीय?"

मी उठून बाहेर आलो.

नोकरी सोडली. इथंच सोलापुरात चादरींची डिझाइनं काढू लागलो. अम्मा किती दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मुंबई सोडणारं पोर तिला वेडं वाटलं. ती खोकत विड्या वळतच राहिली. त्या जाहिरातीची किळस माझ्या मनातून काही गेली नाही. पडद्यावर गरिबाचं हसरं घर दिसलं की अजूनही मला बसवत नाही.