मुगाएवढी गोळी

दुपारच्या पोथीला आम्ही पाच-सहा जणी जमतो. अध्याय होतो एक, आणि किस्से चार! संग्रामपुरात ते सांगायचे, हसायचे आणि घरी जाऊन चूल पेटवायची, असंच चालत आलंय. पण नवं राज्य होऊन गावात दवाखाना आला, तेव्हाचे गोळीचे किस्से मला काही विसरता येत नाहीत. आठवले की हसू येतं, आणि मागोमाग असा संताप येतो म्हणता!

*

गोदाकाकूंची नात सहा महिन्यांची. पोथी संपेपर्यंत हूं नाही की चूं नाही. सगळ्या म्हणायच्या, "किती गुणाची पोर!"

मी विचारलं, "काकू, हिला भूकसुद्धा लागत नाही?"

काकूंनी कौतुकानं मुगाएवढी काळी गोळी दाखवली. "अफूची हाय. सकाळी एक देली की निर्मला मोकळी! धुनं, सैपाक, निंदन, सारं होते."

निर्मला म्हणजे त्यांची सून. ती खाली मान घालून बसलेली. म्हणजे गुण पोरीचा नव्हताच!

*

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी मुद्दाम प्रसादाला बोलावलं. त्या म्हणाल्या, "मेंदूभोवती एक कुंपण असतं. रक्तातलं वाट्टेल ते आत जात नाही. अफू मात्र त्यातून शिरते, आणि एकदा आत गेली की मेंदू तीच मागत बसतो. तान्ह्या बाळाचं कुंपण तर अजून कच्चं. एवढीशी गोळीसुद्धा श्वास थांबवेल!"

काकू फणकारल्या, "कच्चं असन तुमच्याकडं! आमच्या घरान्यात सारं मजबूत हाय!"

*

त्या मजबूत घराण्यातले नानाजी, म्हणजे काकूंचे यजमान, रोज अफू घ्यायचे आणि खाटेवर डुलायचे. दर सोमवारी सोडायचे. दुपारी नाक वाहायचं, अंग ठणकायचं, संध्याकाळी गोळी तोंडात!

मी म्हटलं, "नानाजी, देवापुढे शपथ घेतली होती ना?"

"म्या सोडली व माय. तिनं मले सोडलं नाही!"

हसलो सगळ्या. पण अफूनं अंग सुकतं म्हणून त्यांना तूप घातलेलं दूध, आणि अंगावर पाजणाऱ्या निर्मलेला कोरा चहा! हा कुठला न्याय हो?

*

एकदा आरतीची घंटा वाजली तरी पोर हलेना. ओठ निळसर. दात येताना किरकिरते म्हणून काकूंनी दुसरी गोळी दिली होती!

निर्मला तिला उचलून दवाखान्याकडे धावली, मागे आम्ही. डॉक्टरीणबाई तोंडानं श्वास देत राहिल्या. मी दाराशी हात जोडून उभी. इतकी व्रतं केली, पण महादेवाकडे कुणाला रडवायचं मागणं पहिल्यांदाच मागितलं!

आणि पोर रडली. अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी रडली.

*

पण आठवडा झाला नसेल, पोथी काकूंच्या ओसरीवर होती. पोरीनं भोकाड पसरलं. काकूंनी पुन्हा गोळी काढली! "अर्धीच देतो व. कामाले हात मोकळे पायजे न?"

निर्मला सासऱ्यांसमोर कधी बोललेली आम्ही ऐकली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, खाटेवर डुलणाऱ्या नानाजींपुढे गेली आणि रडती पोर त्यांच्या मांडीवर ठेवली.

"झाले माहे हात मोकळे."

नानाजी दचकले. पोरीनं त्यांची मिशी धरली. "अव, पन म्या काय करू आता?"

"जागे राहा, मामाजी!"