काशीफळाचं माहेर

लाल भोपळा चिरला की येणारा तो ओलसर, गोडूस वास मला अजून शहागंजच्या बाजारातल्या एका सकाळी नेऊन सोडतो. तेव्हा मी कोलंबियातल्या एका वारलेल्या आजीची पाककृतींची वही स्पॅनिशमधून इंग्रजीत आणत होतो. स्पॅनिश न येणाऱ्या तिच्या नातीला ती वाचायची होती. आजी भोपळ्याला तिच्या मुलखातलं ‘आउयामा’ म्हणायची. त्यालाच पलीकडच्या देशांत कुठं ‘सापायो’, कुठं ‘आयोते’. मी सरसकट ‘पम्पकिन’ लिहून मोकळा झालो होतो. वहीतलं सूप एकदा करून बघावं म्हणून बाजारात गेलो. कोवळ्या उन्हात सगळा बाजार पाण्याखाली असल्यासारखा संथ वाटत होता. भाजीवालीनं अख्खा भोपळा पुढं ठेवला आणि सुरी माझ्याच हातात दिली. “पहिला काप बाप्या माणसानं द्यायचा, बायांनी नाय.” केशरी गर उघडला, वास वर आला. मी सहज विचारलं, “तुम्ही याला काय म्हणता?” “हितं काशीफळ. माझ्या माहेरी, खानदेशात, गंगाफळ म्हणत्यात. लग्न झाल्यापासून ते नाव तोंडात आलंच नाय बघा.” घरी येऊन मी एकूण एक ‘पम्पकिन’ खोडला आणि आजीचा ‘आउयामा’ जिथल्या तिथं ठेवला. आता त्या भाजीवालीकडं गेलो की मी गंगाफळच मागतो. ती सुरी माझ्या हातात देते, आणि माहेराहून कुणी आल्यासारखा पदर सावरते.