न संपणारं इंजेक्शन

हातातला चहा आधी खाली ठेवा. कणकवलीत मी जो पराक्रम केला, तो ऐकताना आमच्या ह्यांना लागलेला ठसका अजून थांबलेला नाही.

मला आमवात. म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांशी भांडतं, तो प्रकार. गोळ्यांनी भागेना, म्हणून डॉक्टरांनी पेनासारखं इंजेक्शन लिहून दिलं. ते घरीच, आपल्या हाताने मांडीत टोचायचं. शिकवायला कणकवलीच्या दवाखान्यातली आमची सिस्टर. ती आम्हा आमवातवाल्यांना दर महिन्याला एकत्र बसवते, फोनवर चौकशी करते आणि पोटच्या लेकीसारखी ओरडते. तिने मला दोन पेनं दिली.

"काकी, आधी ह्येच्यावर हात बसवा. दुसरा फ्रीजात ठेवा."

पुढचं मी ऐकलंच नाही. माझं सगळं लक्ष मालवणच्या गाडीकडे.

घरी येऊन पहिलं पेन मांडीवर दाबलं. टक्क. दुखलं? छे! आठवड्याने परत दाबलं, परत टक्क. एवढं महाग औषध आणि संपतच नाही, विज्ञान कुठच्या कुठे गेलं बघा! मी तर अख्ख्या वाडीला बोलावून दाखवलं.

आणि फ्रीजमधलं? ते चतुर्थीसाठी. चांगली वस्तू आपण कोकणातली माणसं अशी रोज वापरतो का? मुंबईचे चाकरमानी येणार, मोदक वळायचे, फुगडी घालायची. गेल्या वर्षी मी खुर्चीत बसून नुसत्या टाळ्या वाजवल्या होत्या. फार रडू आलं होतं हो.

बोटांची सूज मात्र उतरेना. सिस्टर काळजीत पडली. औषध लागू पडत नाही, डॉक्टरांना सांगून बदलायला हवं, म्हणाली. आता बदललं तर फ्रीजमधलं पेन वाया, म्हणजे फुगडी गेलीच की!

"बदलू नको गो, माका एकदम बरा वाटता," मी ठोकून दिलं.

पुढच्या बैठकीला एक नवी मुलगी सुईच्या भीतीने रडत होती. मी उठलेच.

"सुयेक कित्याक भियतंस गो? माझ्याकडे बघ."

धैर्यावर छोटंसं भाषण केलं, पर्समधून पेन काढलं, टक्क!

सिस्टरने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "काकी, ह्या सरावाचा. ह्येच्यात सुय नाय, औषधय नाय. खरा खंय आसा?"

"फ्रीजात. चवथीक ठेवलंय."

तिने कपाळावर हात मारून घेतला. मग डॉक्टरांना फोन लावला, तिथल्या फ्रीजमधलं खरं पेन काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "फुगडी घालूची आसा ना? मग आत्ताच टोचा."

टोचलं. अशी किंचाळले की शेजारच्या खोलीत डोळे तपासायला आलेली माणसं उठून चालू लागली.

आणि ती नवी मुलगी? माझा आरडाओरडा चालू होता तेवढ्यात तिने आपलं इंजेक्शन मुकाट्याने टोचून घेतलं, आणि माझ्यासाठी पाणी आणायला गेली.