बारा दिवसांचा सिंहस्थ

साल मला नक्की सांगता येणार नाही, आणि इथूनच माझी पंचाईत सुरू होते. चळवळ ऐन भरात होती एवढं खात्रीनं आठवतं. लालबाग-परळच्या भिंतीभिंतीवर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं लिहिलेलं असे. पण मी त्या दिवशी लालबागला चालत गेलो की ट्रामनं, हातातली पिशवी खाकी होती की निळी, याबद्दल हल्ली मला शंका येते. पिशवीत काय होतं, ते मात्र मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्याच लग्नाच्या दोनशे पत्रिका!

आता तुम्ही म्हणाल, स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका घेऊन जाण्यात घोटाळा कसला? थांबा. चहा घ्या. सगळं सांगतो.

मी तेव्हा गिरगावात आईबरोबर राहत होतो आणि एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. एम.एस्सी., पहिला वर्ग. लालबागच्या कुमुदचं स्थळ आलं. तिचे वडील नाना गिरणीत मागावर काम करायचे. मूळचे मालवणकडचे, बोलणं तोलूनमापून. वाचता त्यांना बेताचंच यायचं, पण पंचांगाशिवाय त्यांचं पान हलत नसे. ते खिळ्याला टांगलेलं असायचं आणि कुमुद त्यांना वाचून दाखवायची.

बैठकीत सगळं जुळलं. मग माझ्या आईनं विचारलं, “मुलगी सध्या काय करते?”

“शिक्षिकेच्या ट्रेनिंगला नाव घातलंय,” कुमुद म्हणाली. “एक वर्षाचं आहे.”

“ते आता राहू दे,” आई म्हणाली. “शिकलेला एक माणूस घरात आहे, तेवढा पुरे.”

सगळे हसले. कुमुद हसली नाही. मी? मी चहाच्या बशीकडे बघत बसलो. पहिल्या वर्गाचा एम.एस्सी. माणूस बशीकडे इतका वेळ का बघतो, असं तुम्ही विचाराल. मीही गेली कित्येक वर्षं हेच विचारतोय.

नानांनी पंचांग हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, “माझी एकच अट आसा. सध्या सिंहस्थ चालू आसा. आमच्यात सिंहस्थात लगीन करनत नाय. तो सरांदे, मगे बार उडवून देवया.”

“काहीच हरकत नाही!” मी म्हणालो. दिवसभरात मी बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि तेच चुकलं.

कारण सिंहस्थ म्हणजे नाशिकचा मेळा, साधू येतात, गोदावरीत स्नान करतात, यापलीकडे मला काही माहीत नव्हतं. तो असतो किती दिवस? हे तिथल्या तिथे विचारायला काय जात होतं? पण मी शिकलेला ना! शिकलेल्या माणसाला विचारायची लाज वाटते. तो संशोधन करतो.

संशोधनाचा पहिला टप्पा म्हणजे आई. तिलाही सरळ विचारलं नाही. सहज म्हणून विचारल्यासारखं केलं, “आई, हे नदीवरचे मेळे किती दिवस चालतात गं?”

“महिनाभर,” आई म्हणाली. “माझी आत्या दर माघात प्रयागला जाऊन राहायची ना!”

दुसरा टप्पा म्हणजे आमच्या कॉलेजातले राव. ते गणिताचे, राहायला माटुंग्याला, मूळचे गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीचे. नुकतेच गावाकडून आले होते. मी विचारलं, “काय राव, काय विशेष?”

“पुष्करम् था ना! गोदावरी स्नान.”

माझे कान टवकारले. “कधी असतं हे?”

“बारा साल में एक बार. गुरू सिंह राशीत गेला की गोदावरीचं पुष्करम्.”

“आणि असतं किती दिवस?”

“बारा दिवस. ओन्ली ट्वेल्व.”

बघा हं. गुरू तोच. रास तीच. नदीसुद्धा तीच! मग नाशिकला बारा दिवस आणि राजमहेंद्रीला बारा दिवस, यात फरक कशाला पडेल? नदी वाहते, पंचांग थोडंच वाहतं?

तरी मी चिंतातुर जंतू. एक जण म्हणतो बारा, दुसरी म्हणते तीस. मी सरासरी काढली. एकवीस. मग चुकीला जागा असावी म्हणून दुप्पट केली. बेचाळीस दिवस. त्या बेचाळीस दिवसांच्याही पुढचा एक रविवार मी वहीत लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. हाच आपल्या लग्नाचा दिवस!

आई तेव्हा मामाकडे राजापूरला गेली होती. म्हटलं, येईपर्यंत सगळी तयारी करून तिला चकित करू. आणि निघालो दादरला कार्यालय ठरवायला.

तिथल्या व्यवस्थापकांनी तारीख ऐकली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“याच वर्षी?”

“याच वर्षी.”

“मग हवी ती तारीख घ्या साहेब. फळा कोराच आहे.”

पाहिलं तर खरंच कोरा! मला वाटलं, सभा, मोर्चे, हरताळ, लोक लग्न कधी करणार? म्हटलं, आपलं नशीब.

“मुहूर्त कोणी काढून दिला?” त्यांनी हळूच विचारलं.

“मीच काढला.”

ते उठून उभे राहिले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, “सुधारक दिसता! तुमच्यासारखे चार तरुण निघाले पाहिजेत.”

मला फार बरं वाटलं. का बरं वाटलं म्हणून विचारू नका. कौतुक कशाचं चाललंय हे न कळताही कौतुक आवडतंच की!

छापखान्यातही तेच. मालक स्वतः बाहेर आले, “वा! हिंमत लागते!” कॉलेजात पत्रिका वाटल्या तर प्राचार्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. म्हणाले, “विज्ञान नुसतं शिकवून चालत नाही, ते असं जगावं लागतं!” एका सहकाऱ्यानं रूढींवर व्याख्यान द्याल का म्हणून विचारलं. मी ‘बघू’ म्हणालो! अहो, कसली रूढी, कुठली रूढी, काही पत्ता नाही, आणि मी मान डोलावत ‘बघू’ म्हणतोय!

रावांनी तेवढं कौतुक केलं नाही. ते पत्रिका बघून म्हणाले, “जेवण शाकाहारी ना?”

उरलेल्या दोनशे पत्रिका घेऊन मी लालबागला गेलो. नानांची पाळी सुटली होती. चाळीच्या गॅलरीत मंडळी जमून मोर्च्याचे फलक रंगवत होती. मी नानांच्या हातात पत्रिका ठेवली. त्यांनी ती शेजारच्या बाबल्याला दिली. हा त्यांच्याच गिरणीतला, अंगानं आडवा, आवाज भोंग्यासारखा. त्यानं पत्रिका मोठ्यानं वाचली. तारखेपाशी येऊन थांबला. परत वाचली.

“गे माय!” तो ओरडला. “नानानु, तुमचो जावय सुधारक निघालो! सिंहस्थ मोडून काढल्यान!”

गॅलरीभर गलका झाला. कोणी माझ्या खांद्यावर थाप मारली, कोणी हातातला ब्रश वर केला. एक जण म्हणाला, “नाना, आता तुमचा काय चलाचा नाय. नवीन जमानो इलो!” आणि मग बाबल्यानं मूठ वर करून आरोळी ठोकली, “नानांच्या कुमुदचं लग्न...”

“झालंच पाहिजे!” अख्खी चाळ गरजली.

“सिंहस्थात लग्न...”

“झालंच पाहिजे!”

वरच्या मजल्यावरूनही जबाब यायला लागले. मी हसत होतो, हात जोडत होतो, पुढाऱ्यासारखा! आणि मग माझं लक्ष नानांकडे गेलं. नाना पांढरेफटक पडले होते. त्यांनी भिंतीला हात टेकला होता. मी मनात म्हटलं, बिचारे धार्मिक आहेत, धक्का बसला असेल. पण धक्का कशाचा? सिंहस्थ तर तोवर संपलेला असणार ना?

“मास्तरानु,” नाना कसेबसे म्हणाले, “तुमी शब्द दिलो होतो.”

तेवढ्यात कुमुद बाहेर आली. हातात वही, वेणीत पेन्सिल खोचलेली. तिनं पत्रिका घेतली, तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. आरोळ्या थांबल्या.

“एक विचारू?” ती म्हणाली. “तुम्ही कॉलेजात ग्रह शिकवता ना?”

“हो.”

“गुरूला सूर्याभोवती फिरायला किती वर्षं लागतात?”

“बारा,” मी ऐटीत म्हणालो. “अगदी अचूक सांगायचं तर बाराला थोडी कमी.”

“राशी किती?”

“बारा.”

“मग एका राशीत गुरू किती दिवस राहील?”

अहो, काय सांगू! तिसरीतल्या मुलाचं गणित! बारा भागिले बारा. वर्ग भरून फळ्यावर गुरूची कक्षा काढणारा मी, आणि हा भागाकार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

“एक... वर्ष?”

“नाशिकला तेरा महिने धरतात,” कुमुद म्हणाली. “तुम्ही किती धरले?”

आता दोन वाटा होत्या. गप्प राहिलो असतो तर सुधारक म्हणून मिरवलो असतो. चाळ माझ्या बाजूची, कार्यालय ठरलेलं, पत्रिका छापलेल्या. नानांना त्या गर्दीपुढे हार मानावी लागली असती. पण त्यांचा तो भिंतीला टेकलेला हात मला दिसत होता. मी म्हटलं, “बेचाळीस दिवस.”

“किती?” बाबल्यानं कानामागे हात धरला.

“बेचाळीस. म्हणजे मूळचे बारा. माझ्या मित्राच्या गावाला बारा दिवसच असतो. आईच्या आत्याचा तीस दिवसांचा. मी सरासरी काढली.”

मग बाबल्या खाली बसला. बसला म्हणजे हसून कोसळला. रंगाचा डबा लवंडला. “सरासरी काढल्यान! अरे, सिंहस्थाची सरासरी काढल्यान!” बायका पदर तोंडात धरून आत पळाल्या. चाळीत मी सुधारक होतो तो एकूण पंधरा मिनिटं.

“मी सुधारक वगैरे काही नाही,” मी नानांना म्हटलं. “नुसता अडाणी आहे. दिलेला शब्द पाळतो. तेरा महिने सरेपर्यंत थांबतो.”

नानांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, हसून हसून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी रावांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, “मी पुष्करम् बोललो. सिंहस्थ कब बोला? आमच्याकडे पहिले बारा दिवस महत्त्वाचे. वर्ष संपताना आणखी बारा. मधे नदी असतेच की!”

मग ते उरलेले महिने. मी दर रविवारी लालबागला जायचो. कुमुदचं ट्रेनिंग चालू होतं, ती पाठ लिहायची, मी तिला तक्ते काढून द्यायचो. चाळीत माझं नाव ‘बेचाळीस’ पडलं. “कुमुद, तुझो बेचाळीस इलो गो!” अशी जिन्यातूनच वर्दी जायची. खरं सांगू? ते रविवार मिळाले नसते तर मी एका अनोळखी मुलीशी लग्न केलं असतं आणि तिला बहुधा अनोळखीच ठेवलं असतं.

सिंहस्थ संपला त्या आठवड्यात कॉलेजात कोणीतरी म्हणालं, “आता कन्यागत लागलं, वर्षभर!” माझ्या पायांखालची जमीन सरकली. सिंहेनंतर कन्या! मग तूळ! महाराष्ट्रात नद्या किती आणि माझं वय किती? तसाच धावत लालबागला.

नाना पान जुळवत होते. “ता कृष्णेचा,” ते म्हणाले. “गुरू कन्येत गेलो की नरसोबाच्या वाडीक स्नान. तेची लग्नाक आडकाठी नाय. बसा, पाणी पिया.”

लग्न झालं. पत्रिका त्याच दोनशे. तारीख खोडून कुमुदनं स्वतःच्या वळणदार अक्षरात नवी घातली. तोवर तिचं ट्रेनिंग पुरं होऊन नोकरीही लागली होती. आई म्हणाली, “आता लागलीच आहे तर करू दे.” कुमुदनं तीस वर्षांहून जास्त शिकवलं. आमच्या गिरगावातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली. माझ्या मनानं प्रत्येक गोष्टीत शंका काढायची आणि तिनं पेन्सिल काढून हिशेब सोडवायचा, असा आमचा संसार झाला. मी या बाबतीत गुरूचा, गोदावरीचा आणि नानांच्या धार्मिकपणाचा जन्माचा ऋणी आहे, असं सगळ्यांना सांगत आलो.

नाना गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्यांची ट्रंक उघडली. त्यात ते जुनं पंचांग निघालं. सिंहस्थाच्या पानावर एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. लग्नाला हा दोष गोदावरी आणि भागीरथी या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात, गोदावरीच्या दक्षिणेला नाही, अशा अर्थाची ती ओळ होती.

मी ती तीनदा वाचली. मग कुमुदला हाक मारली.

“नानांनी ही रेघ...?”

“नानांना कुठे एवढं बारीक वाचता यायचं?” ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली. “पेन्सिल माझी होती. बैठकीच्या आदल्या दिवशी मीच त्यांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, नाना, मला ट्रेनिंगपुरतं वर्ष मिळू दे, ही ओळ सोडून बाकीचं सगळं सांगा.”

“म्हणजे तुला आणि नानांना माहीत होतं? आणि मी...”

“तुम्ही बशीकडे बघत होतात.”

मला तरी खात्री वाटेना. मी नातीच्या शाळेचा नकाशा काढला, त्र्यंबकेश्वरावर पट्टी आडवी धरली आणि बोटानं मुंबई शोधली. लालबाग गोदावरीच्या दक्षिणेलाच आहे. दोनदा पाहिलं.