तीनशे म्हणजे किती

धाकटा दीर त्यांना वहिनी म्हणे. पुढे बॉयलरच्या कारखान्यातही त्या वहिनीच झाल्या. तिथल्या क्ष-किरण विभागात वेल्डिंगच्या सांध्यांची छायाचित्रे घेऊन आतली भेग शोधणे हे त्यांचे काम. यंत्र विजेच्या दाबाने इलेक्ट्रॉन पळवून क्ष-किरण काढी; त्याच्या तबकडीवरचे आकडे किलोव्होल्टचे होते. विभागात मात्र 'किलो' कुणी उच्चारीत नसे. 'तीनशेवर लाव' म्हणजे तीन लाख व्होल्ट.

विभागप्रमुखांनी तोंडी परीक्षेत विचारले, "तीनशे व्होल्टनी इलेक्ट्रॉनला किती चाल मिळेल?" सूत्र पाठ होते: व्होल्टचे वर्गमूळ काढून पाचशे त्र्याण्णवने गुणायचे, की सेकंदाला किती किलोमीटर ते मिळते. वहिनींनी सवयीने तीन लाखांचे वर्गमूळ काढले.

"सव्वातीन लाख."

"आणि प्रकाशाची चाल?"

"तीन लाख," त्या म्हणाल्या, आणि तरीही त्यांना काही खटकले नाही. त्या नापास झाल्या. पुन्हा तसेच झाले, तर त्यांची बदली गोदामात होणार होती.

दीर शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत. ते हसून म्हणाले, "वहिनी, प्रकाशालाही मागे टाकलंत की. हे सूत्र कमी व्होल्टपुरतंच. इलेक्ट्रॉन एकदा प्रकाशाच्या जवळपास पोचला, की कितीही ढकला, चाल फारशी वाढत नाही."

"म्हणजे तुमच्यासारखंच, भावोजी."

सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "हा तर सुरुवातीलाही हलत नाही."

दुसऱ्या खेपेला परीक्षक निराळे होते. "तीनशेला चाल किती?"

"तीनशे व्होल्ट, की किलोव्होल्ट?"

"प्रश्न मी विचारायचे की तुम्ही?"

"तुम्हीच. पण कसले तीनशे ते कळल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही."

परीक्षकांनी चष्मा पुसला. "दोन्ही काढा."

व्होल्टचे उत्तर लगेच आले: दहा हजारांच्या थोडे वर. किलोव्होल्टसाठी त्यांनी पाठ सूत्र बाजूला ठेवले, इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानात मुळात असलेली ऊर्जा हिशेबात धरली आणि सावकाश मांडणी केली. दोन लाख तेहतीस हजार. ते प्रकाशाच्या चालीहून कमी असल्याचे कुणी विचारण्याआधीच त्यांनी सांगितले.

संध्याकाळी त्यांनी घरी फोन केला. दिरांनी उचलला.

"काय विचारलं?"

"तीनशे."

"कसले तीनशे?"

मागून सासूबाईंचा आवाज आला, "अरे, पास झाली का ते विचार आधी."

"झाले," वहिनी म्हणाल्या. "सासूबाईंना सांगा, गोदाम टळलं."